प्रश्न विचारावा कसा? : मानसशास्त्रीय मुलाखतीविषयी वाचकांची पत्रे

मानसशास्त्रीय चाचण्यांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत चाचण्यांपेक्षा मुलाखतीविषयीच विचारणा आहे, आणि ती रास्त आहे. बुद्धिमापनाची किंवा व्यक्तिमत्त्वाची चाचणी कितीही काटेकोरपणे तयार केलेली असली, तरी ती सोडवणारा माणूस आदल्या रात्री झोपला होता का, त्याला घरच्यांनी बळेच आणून बसवले होते का, प्रश्नातला शब्द त्याला कळला होता का, हे गुणांच्या आकड्यावरून समजत नाही. ते त्याच्याशी बोलूनच समजते. येथे सहा पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी मुलाखत घेताना समोरची व्यक्ती 'हो', 'नाही', 'ठीक आहे' याच्यापुढे जात नाही. माझी प्रश्नावली दहा मिनिटांत संपते आणि हाती काहीच लागत नाही. माझे काय चुकते? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही सोबत जोडलेली प्रश्नावली मी वाचली. तिच्यातील बहुतेक प्रश्न 'का?' या शब्दाने संपतात : "झोप लागते का?", "भूक लागते का?", "भीती वाटते का?" अशा प्रश्नाला होकार किंवा नकार याखेरीज उत्तर संभवत नाही. म्हणजे समोरची व्यक्ती तुम्हाला टाळत नाही. तुम्ही जेवढे विचारले तेवढ्याचे उत्तर ती प्रामाणिकपणे देते आहे. "झोप लागते का?" याऐवजी "रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यापासून सकाळी उठेपर्यंत काय काय होते, ते सांगाल का?" असे विचारून पाहा. झोप उशिरा लागते, मध्येच मोडते की पहाटे लवकर जाग येते, जाग आल्यावर मनात कोणते विचार असतात, घरात आणखी कोण जागे असते, हे सगळे त्या एका उत्तरात येऊ शकते. थोडक्यात, ठरावीक उत्तर मागणारे 'बंद' प्रश्न वाईट नसतात. वेळ, संख्या, औषधाचे नाव यांसाठी ते लागतातच, पण त्यांची जागा शेवटी आहे. नरसाळ्यासारखे वरून रुंद सुरू करावे आणि हळूहळू अरुंद होत जावे.

दुसरी गोष्ट बोलू देण्याची. अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्ण संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टरांनी त्याला सरासरी १८ सेकंदांत थांबवले असे दिसले. रुग्णांना थांबवले नाही तर ते बोलतच राहतील, ही भीती त्यामागे असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात डॉक्टरांना मुद्दाम गप्प राहण्यास सांगण्यात आले, तेव्हा रुग्णांचे स्वतःहून बोलणे सरासरी ९२ सेकंदांत संपले आणि चारपैकी तीनहून अधिक रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. मानसिक मूल्यमापनात माणसाला याहून जास्त वेळ लागेल हे उघड आहे. तरीही पहिली पाच मिनिटे त्याची आहेत, असे तुम्ही मनाशी ठरवून बसा. मध्ये शांतता पसरली तर ती भरून काढण्याची घाई करू नका. अनेकदा सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या शांततेनंतर येते.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची आहे आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत ती सापडणार नाही. मराठीत आपण प्रश्नाच्या शेवटी सहज 'ना' लावतो : "घरी सगळं बरं आहे ना?", "औषधं वेळेवर घेता ना?" हा 'ना' मायेचा असतो, पण उत्तर काय असावे हे तो आधीच सांगून टाकतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका बाईंना मी "नवऱ्याशी पटतं ना?" असे विचारले होते. त्या "हो" म्हणाल्या आणि मी तसे टिपून पुढे गेले. तिसऱ्या भेटीत त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला माझ्या त्या 'ना'ची फार खंत वाटली. "तुमचं आणि त्यांचं कसं चाललंय?" असे विचारले असते, तर कदाचित त्यांना तीन आठवडे थांबावे लागले नसते.

कारण विचारणाऱ्या 'का'चेही तसेच आहे. "नोकरी का सोडलीत?" हा प्रश्न मराठी कानांना जाब विचारल्यासारखा लागतो आणि माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. "नोकरी सोडली त्या दिवसांत काय चालले होते?" असे विचारले, तर तो हकिगत सांगतो. तसेच एका श्वासात तीन प्रश्न विचारू नयेत. "झोप, भूक कशी आहे आणि कामात लक्ष लागते का?" याला "हो" असे उत्तर आले, तर ते तिघांपैकी कोणत्या प्रश्नाचे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आणि समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवायला शिका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत रुजवली. "घरात माझं कुणाला काही पडलेलं नाही," असे कोणी म्हटले, तर लगेच "कधीपासून?" असे न विचारता, "घरात माणसे असूनही तुम्हाला एकटे वाटते," एवढेच म्हणून थांबावे. तुमचे म्हणणे बरोबर असेल तर तो पुढे बोलेल. चूक असेल तर "एकटं नाही हो, अपमान झाल्यासारखं वाटतं," असे दुरुस्त करील. मूल्यमापनाच्या दृष्टीने ही दुरुस्ती फार मोलाची आहे, कारण ती तुमच्या अंदाजाची तपासणी त्याच्याच तोंडून करते.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला आम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे नेले. त्यांनी आम्हाला बाहेर बसवून दीड तास त्याच्याशी गप्पा मारल्या, एकही चाचणी घेतली नाही, पूर्ण फी घेतली आणि तो काय बोलला हे सांगायला नकार दिला. हे योग्य आहे का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते, पण तुम्ही ज्यांना गप्पा म्हणता ते बहुधा मूल्यमापनच होते. पहिल्या मुलाखतीत त्रास केव्हा आणि कसा सुरू झाला, लहानपणीची वाढ, शाळा, मित्र, घरातील नाती, शारीरिक आजार, दारू-तंबाखू किंवा इतर व्यसने, घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का, यांचा इतिहास घेतला जातो. त्याच वेळी मुलाच्या बोलण्याचा वेग, चेहऱ्यावरील भाव, विचारांतील सुसंगती, लक्ष आणि स्मरण यांचे निरीक्षण चालू असते. त्यातून नेमका प्रश्न हाती आल्यावरच कोणती चाचणी घ्यायची, किंवा घ्यायचीच नाही, हे ठरते. आल्याबरोबर चाचण्यांचा संच पुढे ठेवणाऱ्यापेक्षा आधी दीड तास ऐकणाऱ्यावर माझा अधिक विश्वास आहे.

गोपनीयतेबाबत कायदा स्पष्ट आहे. तुमचा मुलगा सज्ञान आहे आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार त्याच्या मानसिक आरोग्याविषयीची व उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा त्याला हक्क आहे. जिवाला धोका असणे, दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असणे, न्यायालयाचा आदेश असणे, असे काही अपवाद त्यात आहेत. मुलाने स्वतः संमती दिली, तर निष्कर्ष तुमच्यासमोर मांडता येतात. म्हणून तज्ज्ञांना "तो काय म्हणाला?" असे विचारण्याऐवजी मुलालाच "आपण तिघे मिळून त्यांना भेटायचे का?" असे विचारा. तुम्हाला जे दिसले आहे ते तज्ज्ञांना सांगण्यास मात्र कसलीच आडकाठी नाही. घरच्यांचे निरीक्षण मूल्यमापनात लागतेच. फक्त तेही मुलाला ठाऊक असू द्यावे. संबंधित व्यक्तीची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारणारी संरचित मुलाखत मला यांत्रिक वाटते. अनुभवी माणसाला तिची गरज आहे का? (एक प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : आहे, आणि अनुभवी माणसाला ती जास्तच आहे. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनच्या तुलनेत कितीतरी अधिक होत होते. दोन्ही शहरांतील रुग्णांच्या मुलाखती एकाच पथकाने एकाच संरचित पद्धतीने घेतल्या, तेव्हा हा फरक बराचसा नाहीसा झाला. म्हणजे तो मुख्यतः निदान करणाऱ्यांच्या सवयींत होता. मानसशास्त्रज्ञ टेमर्लिन यांचा १९६८ मधील प्रयोगही बोलका आहे. निरोगी माणसाची भूमिका करणाऱ्या एका नटाची ध्वनिमुद्रित मुलाखत तज्ज्ञांना ऐकवण्यात आली. ऐकण्यापूर्वी एका प्रतिष्ठित व्यक्तीने "हा वरवर न्यूरोटिक (चिंताग्रस्त) वाटला तरी खरे तर सायकोटिक (वास्तवाचे भान सुटलेला) आहे," असे सुचवलेल्या गटातील निम्म्याहून अधिक मनोविकारतज्ज्ञांनी सायकोसिसचेच निदान केले. ज्यांना तसे सुचवले नव्हते, त्या गटांत ते निदान कोणीच केले नाही. माझा स्वतःचा परिपाठ असा : आधी मोकळी मुलाखत, मग अर्धसंरचित आराखड्यावरून राहिलेल्या बाजू तपासणे, आणि संदर्भपत्रात आधीच्या डॉक्टरांनी लिहिलेले निदान शक्यतो माझी टिपणे झाल्यानंतर वाचणे.

प्रश्न : माझ्याकडे येणारे अनेक जण "डोक्यात मुंग्या येतात", "छातीत धडधडतं", "बाहेरची बाधा आहे" असे सांगतात. उदासीनतेविषयी विचारले तर "तसं काही नाही" म्हणतात. मुलाखत पुढे कशी न्यावी? (एक समुपदेशक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : 'उदासीनता' हा आपला शब्द आहे, त्यांचा नव्हे. तो बाजूला ठेवा आणि मुंग्यांपासूनच सुरुवात करा. त्या कधी येतात, त्या वेळी हातात कोणते काम असते, आल्या की ते काय करतात, घरातले काय म्हणतात, हे विचारत गेलात तर जीव न लागणे, जेवण न जाणे, शेजारीपाजारी जाणे बंद होणे हे सगळे त्यांच्याच भाषेत पुढे येते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत सांस्कृतिक बाजू समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे. तिची क्षेत्रचाचणी सहा देशांत झाली आणि त्यात पुणे हेही एक केंद्र होते. म्हणून ती आपल्याला परकी मानण्याचे कारण नाही. त्यातील एक प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत वापरते : हा त्रास तुम्ही घरच्या माणसांना किंवा मैत्रिणीला सांगताना कसा सांगता? डॉक्टरसमोर बोलायची भाषा आणि मैत्रिणीला सांगायची भाषा यांत मोठे अंतर असते, आणि दुसऱ्या भाषेत माहिती अधिक असते.

बाधेविषयी वाद घालू नका आणि दुजोराही देऊ नका. "बाधा आहे असे प्रथम कोणाला वाटले? त्यावर आतापर्यंत काय काय केले? त्याने कितपत बरे वाटले?" असे विचारल्यावर आधीचे उपाय, झालेला खर्च, घरातील मतभेद आणि भीती यांचे पूर्ण चित्र मिळते. व्यक्ती केवळ कन्नड किंवा तेलुगू बोलणारी असेल, तर दुभाषा म्हणून सोबत आलेल्या नातेवाइकाला बसवू नका. सुनेची मुलाखत सासूच्या तोंडून घेतली, तर ती सासूचीच मुलाखत होते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत समुपदेशक आहे. सात वर्षांची एक मुलगी शेजारच्या एका घरी जायला घाबरते, असे तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितले. "त्या काकांनी तुला हात लावला का?" असे मी तिला विचारू का? (एक समुपदेशक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : तुम्ही विचारण्याआधी थांबून पत्र लिहिले, हे फार चांगले केले. पण या बाबतीत मासिकातील उत्तराची वाट पाहणे योग्य नसल्यामुळे तातडीचा भाग मी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवलेला आहे. येथे इतरांसाठी सविस्तर लिहिते.

तो प्रश्न विचारू नये. त्या प्रश्नात व्यक्ती तुम्ही पुरवली, कृतीही तुम्हीच पुरवली. मुलीकडे उरते ती फक्त मान हलवणे. लहान मुले मोठ्यांना सर्व काही ठाऊक असते असे मानतात आणि त्यांना आवडेल असे उत्तर देऊ पाहतात. लाइक्टमन आणि सीसी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सॅम स्टोन नावाचा एक अनोळखी माणूस तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात येऊन काही न करता दोन मिनिटांत निघून गेला. काही मुलांना तो येण्याआधी त्याच्या धांदरटपणाच्या गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या आणि तो गेल्यावर, पुस्तक फाटले आणि खेळण्यातले अस्वल मळले ते जणू त्यानेच केले, अशा अर्थाचे प्रश्न वारंवार विचारले गेले. दहा आठवड्यांनंतर त्यांच्यातील अनेक मुलांनी, विशेषतः सर्वांत लहान मुलांनी, ते प्रसंग घडल्याचे तपशीलवार सांगितले. ज्यांना काहीच सुचवले नव्हते, त्या मुलांनी मोकळेपणाने सांगताना असे काही सांगितले नाही. अशा प्रश्नांची किंमत कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात दिसली. १९८३ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, शेकडो मुलांच्या मुलाखती सूचक प्रश्नांनी घेतल्या गेल्या, आणि १९९० मध्ये कोणालाही दोषी न ठरवता खटला संपला. अशा मुलाखतींनी निरपराध माणूस भरडला जातो, आणि खरोखर अत्याचार झालेले मूल असेल तर त्याच्या साक्षीचेही मोल नाहीसे होते. यातले दुसरे मला अधिक अस्वस्थ करते.

मग काय करावे? शांत जागी तिच्या उंचीवर बसा. आधी दोन-तीन गोष्टी सांगा : "मला जे माहीत नाही ते तू मला सांगणार आहेस. एखादी गोष्ट आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण. मी काही चुकीचं बोलले तर मला सांग." त्यानंतर एखाद्या साध्या प्रसंगाविषयी, समजा गणपती आणले त्या दिवसाविषयी, "अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांग," असे म्हणून तिला सलग सांगण्याची सवय होऊ द्या. मानसशास्त्रज्ञ मायकल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या मुलाखत-पद्धतीत हा सराव महत्त्वाचा मानला आहे, कारण मूल किती तपशिलाने सांगू शकते हे त्यातून कळते आणि बोलण्याची जबाबदारी आपल्यावर आहे हे मुलालाही कळते. मग, "बाईंनी सांगितलं की एका घरी जायला तुला आवडत नाही. त्याबद्दल मला सांग." पुढे फक्त "आणि मग?", "त्याबद्दल आणखी सांग." तोच प्रश्न पुन्हा विचारू नका, मुलाला वाटते की आपले पहिले उत्तर चुकले. "सांगितलंस तर चॉकलेट देईन" किंवा "हे मी कुणाला सांगणार नाही" असे म्हणू नका, कारण दुसरे वचन तुम्हाला पाळता येणार नाही.

अत्याचाराची शंका यावी इतके तिने सांगितले की तेथेच थांबा. तपास हे तुमचे काम नाही. तिचे शब्द, तुमचे प्रश्न आणि वेळ जसेच्या तसे लिहून ठेवा. 'पॉक्सो' म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळेपर्यंत थांबण्याची मुभा त्यात नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. कलम २४ नुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे पालकांना आधीच सांगून ठेवले, तर त्यांची भीती पुष्कळ कमी होते.

प्रश्न : आत्महत्येविषयी विचारायला मला भीती वाटते. विचारल्यानेच मनात ते भरवले गेले तर? (एक नवीन समुपदेशक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते, म्हणून तिची तपासणीही झाली आहे. गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या विद्यार्थ्यांना आत्महत्येविषयी विचारले गेले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांमध्ये त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत. जे आधीच खचलेले होते, त्यांचा ताण उलट कमी झालेला आढळला.

धोका आहे तो भीतभीत विचारण्यात. "तसले काही विचार तर येत नाहीत ना?" या वाक्यात नकार आहे, 'ना' आहे आणि 'तसले' हा तुच्छतेचा शब्दही आहे, ज्याला मरावेसे वाटते तो याला "नाही" एवढेच म्हणेल. आधी त्याच्या दुःखाविषयी बोलू द्या. मग पायरीपायरीने, स्थिर आवाजात विचारा : "इतका त्रास असताना जगणे नकोसे वाटते का?" "स्वतःचा जीव संपवावा असे मनात येते का?" "ते कसे करायचे, याचा विचार केला आहे का?" "त्यासाठी काही तयारी केली आहे का?" "आतापर्यंत कशामुळे थांबलात?" येथे मी जाणूनबुजून बंद प्रश्न वापरले आहेत, कारण या जागी संदिग्ध उत्तर चालत नाही. शेवटचा प्रश्न मात्र उघडा आहे आणि त्याचे उत्तर सावकाश ऐकावे. मुलगी, म्हातारी आई, राहिलेले पीक, जे काही सांगितले जाईल त्याच्याच आधाराने पुढची भेट ठरवता येते.

पूर्वी प्रयत्न झालेला असेल, तर कायद्याच्या धास्तीने लोक तो लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा केली जात नाही, हे त्यांना समजावून सांगा. योजना किंवा तयारी असेल तर त्यांना एकटे सोडू नका. घरातील विश्वासू माणसाला बोलावून घ्या, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा, आणि शेतकरी कुटुंब असेल तर फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या कुलपात ठेवण्यास सांगा. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक कागदावर लिहून हाती द्या, तुमच्यासमोरच त्यांच्या मोबाइलमध्ये नोंदवून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता तुम्ही फोन करणार ती वेळ सांगून ती पाळा.